पाणी लागते का?

आमचा मुलूख सपाट आहे असं जो कोणी म्हणतो, त्याने तो उन्हाळ्यात पाहिलेला असतो. मीही उन्हाळ्यातच पाहिला आणि त्या चुकीपायी अकरा गाद्या आणि एक विहीर घालवून बसले. गाद्यांचं दुःख आता राहिलेलं नाही. विहिरीचं आहे. घरातले म्हणतात, इतकी वर्षं झाली, आता सोडून दे. का सोडू? आयुष्यभर मी जागेचे सौदे केले. चामोर्शीपासून वैनगंगेच्या काठाकाठाने पार वडशापर्यंत लोक प्लॉट घेण्याआधी मला जीपमध्ये घालून नेतात, जागा दाखवतात आणि मी मान हलवली तरच पुढे सरकतात. एवढ्या सौद्यांत मला कोणी फसवू शकलं नाही. फसवलं ते एकाच माणसाने. त्याने दोनदा फसवलं, आणि दोन्ही वेळा खरं बोलून.

आम्ही पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, हेच आमच्या घरचं काम. चामोर्शीत बाजाराच्या मागे भाड्याची एक खोली होती. तिच्यात छताला अब्बांची कापूस पिंजायची धुनकी टांगलेली असे आणि सकाळपासून तिचा तो आवाज सुरू व्हायचा, टंग्-टंग्-धुर्र, टंग्-टंग्-धुर्र. मी त्या आवाजातच जन्मले असं अम्मी सांगायची. दाई पडद्याआडून ओरडत होती आणि अब्बांना अलीकडे काही ऐकूच आलं नाही. खोलीत कापूस सतत उडत असे. भुवयांवर, पाण्याच्या माठावर, अंबाडीच्या भाजीत सगळीकडे कापूस. अम्मी अंबाडीत सुके झिंगे घालायची आणि आम्ही जेवताना झिंग्याच्या मिशा आणि कापसाचे तंतू एकाच सवयीने जिभेवरून ओढून काढायचो. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. वाटलं ते शेजारच्या हलवायाला. एका दिवाळीत त्याच्या पेढ्यांना दाढी फुटली आणि त्याने घरमालकाला सांगून आम्हाला खोली सोडायला लावली.

तेव्हा ठरलं की आता खेड्यात जायचं, मोकळी जागा घ्यायची, जिथे कापूस उडाला तर कोणाच्या पेढ्यावर बसणार नाही. नदीकडच्या एका गावात अब्बा दर हिवाळ्यात धुनकी खांद्यावर घेऊन फिरायचे. तिथले सोमाजीभाऊ नावाचे शेतकरी एक जागा विकायला तयार होते. जागा बघायला अब्बा मला घेऊन गेले. मी सोळा वर्षांची होते, पण घरातली घासाघीस दहाव्या वर्षापासून माझ्याकडेच होती. कारण अब्बांना भाव करता येत नसे. गिऱ्हाईक म्हणालं "जास्त होते", की अब्बा म्हणायचे "जो देना है दे दो", आणि मग मला आतून धावत येऊन ते गिऱ्हाईक रस्त्यावर अडवावं लागे. आम्ही घरात हिंदी बोलतो, पण भांडायला मला मराठीच लागते. हिंदीत माझा राग अर्ध्यावर संपतो.

ते गाव एका मुरमाच्या उंचवट्यावर आहे. तिथे त्याला बर्डी म्हणतात. सगळी घरं त्या बर्डीवर एकमेकांना खेटून, एका घराचा पाणचुला दुसऱ्याच्या ओसरीत धूर सोडणार, अशी. आणि खाली, बर्डी संपते तिथून, मोकळंच मोकळं. धानाच्या बांध्या, त्यापलीकडे एक कोरडा नाला, त्याच्याही पलीकडे ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, चार घरं आणि मग नदी. त्या मोकळ्या भागात, गावापासून हाकेच्या अंतरावर, सोमाजीभाऊंची जागा. मऊ काळीभोर माती, एक डेरेदार कडुलिंब, भरपूर वारा. मला गावकऱ्यांची कीव आली. एवढी ऐसपैस जागा खाली पडलेली असताना ही माणसं वर कोंबड्यांसारखी खुराड्यात बसली आहेत! हा प्रश्न तेव्हा मी उलटा विचारायला हवा होता. आज मी कोणतीही जागा बघायला गेले की पहिला प्रश्न तोच विचारते: इतकी चांगली आहे तर रिकामी का?

सोमाजीभाऊ पन्नाशीचे, उंच, बारीक, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कायम असा भाव की नुकतीच झोप पूर्ण झाली आहे. मी सरळ कामाचं विचारलं.

"भाऊ, पाणी लागते का इथी?"

"लागते ना."

"किती लागते?"

त्यांनी तळहात आपल्या डोक्यावर आडवा ठेवला. "मानूसभर. लय झालं त हात वर करा लागते."

मी अब्बांकडे पाहिलं. माणूसभर खोलीवर विहिरीला पाणी! चामोर्शीत लोक चाळीस-चाळीस हात खणत होते.

"पक्कं?"

"माया बापाच्या टायमापासून लागून राह्यलं. आमाले का नवीन हाय?"

"अन् चव कशी हाय?"

सोमाजीभाऊंनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "तवा चव कोन पायते माय?"

मला वाटलं, माणूस गमतीचा आहे. कडुलिंबाच्या दुबेळक्यात, माझ्या डोक्याच्याही वर, एक मोडकं सूप अडकलेलं होतं. मी विचारलं, "हे सूप झाडावर कोनं ठेवलं?"

"ठेवलं नाई कोनी. आपल्या मनानं गेलं."

आम्ही हसलो. तेही हसले. मग मी भाव पाडायला बसले, आणि असा पाडला की आजही आठवलं तर अंगावर मूठभर मांस चढतं. तीन वेळा उठून रस्त्याला लागले. तिसऱ्या वेळी त्यांनी हाक मारली, "ये वो शमीमबाई, घेऊन घे." सोळा वर्षांच्या पोरीला बाई म्हणणारा तो पहिला माणूस. निम्म्या भावात जागा, वर कडुलिंब फुकट. परतताना अब्बा म्हणाले, "बेटा, वो इतना कम में माना कैसे?" मी म्हटलं, "मैंने मनाया."

उन्हाळ्यात विहीर खणली. अब्बांनी स्वतः खणली, दोन मजुरांच्या बरोबरीने, आणि सोमाजीभाऊंनी हात ठेवला होता त्याच्याही एक वीत अलीकडे पाणी लागलं. गोड, गार, असं की अम्मीने पहिला घोट घेतला आणि पदर तोंडाला लावून रडली. चामोर्शीत तिची अर्धी जिंदगी नळाच्या रांगेत गेली होती. अब्बांनी गावात बत्ताशे वाटले. बत्ताशे घेताना लोक आमच्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मला कौतुकाची वाटली. कुडाच्या भिंती, वर कवेलू, पुढे धुनकीसाठी उंच पडवी, असं घर उभं राहिलं. लग्नसराईतली राहिलेली कामं घेऊन अब्बांनी अकरा गाद्या भरल्या. तो कापूस स्वस्तातला होता, सरकी नीट निघालेली नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पावसाळ्यात आम्ही नदीवर लक्ष ठेवून होतो. शहरातून आलेलो असलो तरी नदीला पूर येतो एवढं आम्हालाही कळत होतं. अब्बांनी नदीच्या बाजूला एक काठी रोवली आणि रोज चहा घेऊन ते पुढच्या दारात बसून त्या काठीकडे बघत. नदीचा काठ उंच होता. ढिवरांची घरं अगदी नदीच्या तोंडाशी असून कोरडी होती. ती कोरडी, तर आम्ही तर किती मागे! नदी आपल्या काठावर दरसाल गाळ टाकून टाकून तो उंच करते आणि त्या काठाच्या मागची जमीनच खरी खोल असते, हे आम्हाला कोण सांगणार? नदी फुगली की नाल्याचं पाणी तिच्यात शिरू शकत नाही. मग तो उलटा फिरतो आणि बर्डीच्या पायथ्याच्या खोलगटातून वळसा घेऊन घरामागे शिरतो. आमच्याकडे पूर पुढून येत नाही, मागून येतो.

त्या सकाळी अब्बा पुढच्या दारात काठी बघत बसलेले. अम्मी मागे भात ठेवत होती. तिने हाक मारली, "सुनो जी, मच्छी आई."

अब्बा काठीवरची नजर न हलवता म्हणाले, "मना कर दे. आज नहीं लेना."

"अजी, मच्छीवाली नहीं. मच्छी आई."

मी मागे गेले तर चुलीपुढे एक वितभर मासा उड्या मारत होता, आणि मागच्या दाराखालून पाणी शांतपणे आत येत होतं, जसा कोणी ओळखीचा पाहुणा. अब्बा धावले. त्यांच्या हाताशी जे होतं ते त्यांनी दारात लावलं. म्हणजे गाद्या. एकावर एक अकरा गाद्या, अशी भिंत रचली. गाद्यांनी थोडा वेळ पाणी अडवलं आणि मग त्या प्यायला लागल्या. अकरा गाद्यांनी मिळून तो नाला प्यायचा मनापासून प्रयत्न केला. त्या इतक्या फुगल्या की दारात घट्ट बसल्या, आणि आम्ही मागून बाहेर पडायला गेलो तर बाहेर पडता येईना. पुढच्या दाराने निघालो तेव्हा पाणी कमरेला होतं. अम्मीने भाताचं पातेलं डोक्यावर घेतलं होतं आणि पदरात तो मासा. तिचं म्हणणं, घर गेलं तरी दुपारचं जेवण व्हायलाच हवं.

बर्डीच्या कडेला अख्खं गाव ओळीने उभं होतं. सोमाजीभाऊ दोरी घेऊन पाण्यात उतरले, अम्मीची पेटी त्यांनी खांद्यावर घेतली, मला हाताला धरून वर ओढलं. वर पोचल्यावर, मी अजून श्वास घेत होते, तेव्हा त्यांनी पाण्याकडे बोट दाखवून अगदी प्रेमाने विचारलं, "मी खोटं बोललो का? मानूसभर."

चौथ्या दिवशी पाणी उतरलं. घर उभं होतं, पण पोटात बुक्की मारलेल्या माणसासारखं वाकलेलं. कडुलिंबाच्या दुबेळक्यात जुन्या सुपाशेजारी आमचं नवं सूप बसलेलं होतं. गाद्या उन्हात टाकल्या. आठवडा झाला, दहा दिवस झाले, त्या वाळेनात, आणि मग एका सकाळी दोन गाद्यांमधून हिरवी टोकं वर आली. सरकी उगवली होती. गादीवर कपाशी. अब्बा तिच्याकडे बघत उकिडवे बसले आणि म्हणाले, "अब इसको पानी देना क्या?" तेवढ्यात नुकसानीचा पंचनामा करायला तलाठी आले. त्यांच्या कागदावर दोनच रकाने होते, घर आणि पीक. घर पडलेलं नव्हतं. गादीला रकाना नव्हता. त्यांनी वाकून ती हिरवी टोकं निरखली आणि म्हणाले, "पीक म्हणून लिहिता येईल." मी म्हटलं, "लिहा, भाऊ." ते लिहायला लागले आणि थांबले. "पण बाई, हे त उगवून राह्यलं. नुकसान कुठी आहे?"

मी त्या दिवशी पहिल्यांदा एका सरकारी माणसावर ओरडले. नंतर सवय झाली.

मी गावच्या चावडीसमोर लोक जमवले आणि सोमाजीभाऊंवर फिर्याद मांडली. मला एकच हवं होतं: जागा परत घ्या, किंवा निदान चारचौघांत कबूल करा की तुम्ही पोरीला फसवलंत. सोमाजीभाऊ शांतपणे उभे राहिले. म्हणाले, "हिनं मले विचारली, पाणी लागते का. मी म्हटलो, लागते. हिनं विचारली, किती. मी दाखोलो. हिनं सूप विचारली, तेबी सांगतलो. आता सांगा, मी खोटं बोललो का?"

"इहिरीचं विचारली होती मी!"

"मंग इहिरीचं म्हनाले पायजे नं. अन् इहिरीले लागलं नाई का?"

लोक म्हणाले, बरोबर आहे, विहिरीलाही लागलं. पोलीस पाटलांनी मिशी चोळत निकाल दिला की आपल्या गावात पाणी लागते म्हणजे पुराचंच, हे शेंबडं पोरगंही सांगेल. तेवढ्यात मागून एक म्हातारी म्हणाली, "काऊन? आमच्याकडं त इहिरीचंच म्हंतेत." तिचं घर बर्डीच्या अगदी डोक्यावर, मोहाच्या झाडांकडे. सगळे तिच्यावर तुटून पडले. चावडीवर एकदम दोन गावं झाली. एक म्हणे पुराचं, एक म्हणे विहिरीचं, आणि तासभर जे भांडण झालं त्यात माझी फिर्याद कोणाच्या लक्षातही राहिली नाही.

पण माझ्या डोक्यात काहीतरी लखलखलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी नाला ओलांडून नदीच्या काठावर गेले, पार ढिवरांच्या घरांपासून सुरुवात केली, आणि दारोदार एकच प्रश्न विचारत वर आले: "बाई, पाणी लागते म्हंजे काय?" काठावरची सगुणाबाई जाळं विणत होती. तिने वर न बघता सांगितलं, "डोंग्याले लागते का नाई ते. नाई लागलं त डोंगा रेतीत बसते." तिच्या लेखी ना विहीर, ना पूर. नावेला पुरेल एवढं पाणी, बस. तिथून खाली उतरले, बांध्यांतल्या गोठ्यांपाशी आले, तर जो तो म्हणे पूर. बर्डी चढायला लागले. पहिलं घर पूर, दुसरं पूर, तिसरं पूर. मग पार माथ्यावर गेले आणि तिथून खाली उतरत आले तर सगळी घरं विहीर, विहीर, विहीर. आणि मधोमध कवडूचं घर. कवडू पुढच्या ओसरीत बसलेला, तो म्हणाला "इहिरीचं", आतून त्याची बायको खेकसली, "तुमाले का जाते म्हनाले! चूल माई भिजते!" त्यांचं घर उतारावर होतं. पुढची ओसरी उंच, मागची चूल खोल. त्या एका घराच्या मधल्या भिंतीतून तो शब्द फिरत होता.

मला अजूनही त्या शोधाचा गर्व आहे. पुराची रेषा कुठल्याही कागदावर नव्हती. ती लोकांच्या तोंडात होती. जिथवर पाणी येतं तिथवर लोक पाण्याला भितात, आणि जिथे येत नाही तिथे ते पाण्यासाठी खणत बसतात. मागे एक इंजिनीयर तिपाईवर यंत्र लावून आठ दिवस त्या गावात फिरला आणि त्याने खुंट्या ठोकल्या. मी मुद्दाम बघायला गेले. एक खुंटी कवडूच्या नातवाच्या ओसरीत होती. त्याला चहा पाजून मी म्हटलं, "भाऊ, हे मी एका सकाळी केलं होतं, अन् माझ्यापाशी तर यंत्रही नव्हतं." तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी गमतीची आहे.

आता मला एकच करायचं होतं, त्या रेषेच्या वर जागा मिळवायची. कवडूच्या वर तीन घरं सोडून एक पडीक तुकडा होता. मुरूम, दगड, एक वाळका मोह. तोही सोमाजीभाऊंचाच. मी त्यांना गाठलं आणि अदलाबदल मागितली. खालची जागा तुम्ही परत घ्या, ही मला द्या. ते नको नको म्हणाले. मी तीन दिवस त्यांच्या ओसरीत बसले. त्यांच्या बायकोला गादी भरून देईन म्हटलं, न उगवणारी. शेवटी चौथ्या दिवशी ते आले, त्या मुरमावर माझ्याशेजारी उभे राहिले. अब्बाही होते. मी आता पोळलेली होते, मला जग कळलं होतं. मी त्यांच्या डोळ्यांत बघून एकेक शब्द तोडून विचारलं, "भाऊ, याले पाणी लागते का?"

"नाई लागत."

"नक्की?"

"माया पोराची शप्पथ. कवाच नाई लागलं."

"तुमच्या बापाच्या टायमालेबी नाई?"

"त्याच्या बापाच्याबी नाई."

मी तिथल्या तिथे हात पुढे केला. तलाठ्यासमोर कागद झाले. खालचं वाकलेलं घर आम्ही मोडून वर आणलं, त्याच कवेलूंचं नवं घर बांधलं, धुनकी टांगली, आणि मग अब्बा विहीर खणायला बसले. दहा हात मुरूम. वीस हात मुरूम. मग काळा दगड. सुरुंग लावले, पहार मोडली, तीस हातांवर अब्बांनी खालून हाक मारली, "शमीम, यहाँ तो धूल उड़ रही है."

मी धावत सोमाजीभाऊंकडे गेले. ते खालच्या जागेत होते. आमच्या जागेत. आमच्या विहिरीवर. पुराने टाकलेल्या गाळात त्यांनी वांगी लावली होती, अशी तरारलेली की बघवेना. मी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले, "तूच गावभर विचारत फिरली नं वो? खाली पुराचं, वर इहिरीचं. मंग वर उभं राहून विचारली त वरचंच सांगनार नं मी? मी खोटं बोललो का?"

माझ्याच सर्वेने मला हरवलं. ते परत वांग्यांत वाकले आणि वाकल्या वाकल्या म्हणाले, "वावराच्या जागी वावर, घराच्या जागी घर, शमीमबाई. खाली पिकते, वर राहवते. दोनी एका जागी भेटत नाई इथी." मग एक वांगं तोडत, "पाणी न्यायचं असन त नेत जा. मी नाई म्हटलो का?"

हे असं. अब्बांनी आपल्या हाताने खणलेल्या विहिरीचं पाणी मी डोक्यावर दोन गुंड, म्हणजे पितळी कळशा, घेऊन रोज बर्डी चढून आणायची, आणि रोज सोमाजीभाऊंनी खाटेवरून विचारायचं, "गोड हाय नं वो?" सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मी गुंड सावरून चढणीला लागायची. त्या चढणीची एकशे दहा पावलं मला अजून पाठ आहेत. अम्मी म्हणायची, "पानी तो मुफ्त दे रहा है, गुस्सा किस बात का?" राग फुकट मिळण्याचाच होता. स्वतःची वस्तू कोणी फुकट दिली तर आभार मानावे लागतात, आणि मी मेले असते तरी मानले नसते. दोन वर्षं मी एकच मागत राहिले: विहीर आमची आहे असं म्हणा. म्हणा फक्त. ते म्हणायचे, "जागा माई, त इहीर कोनाची?"

तिसऱ्या पावसाळ्यात मोठं पाणी आलं. सोमाजीभाऊंनी तोवर विहिरीच्या आशेने खाली गोठा आणि गोठ्याला लागून दोन खोल्या बांधल्या होत्या. मुलाचं लग्न झालं होतं, बर्डीवर जागा पुरेना. त्या दोन खोल्यांना पाणी लागलं ते भर दुपारी, मागूनच, आणि बघता बघता बर्डी चढत कवडूची चूल विझवून त्याच्या मधल्या भिंतीपाशी येऊन थांबलं. तिथेच. वितभरही पुढे नाही. मी ओसरीत उभी राहून हे बघत होते, आणि खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. मग त्या पाण्यातून सोमाजीभाऊ वर आले, डोक्यावर कोंबड्यांची टोपली, मागे बायको, सून, ओले कपडे. बाकीची घरं आधीच माणसांनी भरली होती. ते माझ्याच ओसरीपुढे उभे राहिले आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर झोप नव्हती.

अब्बांनी काही न विचारता गादी अंथरली. सोमाजीभाऊ तिच्यावर बसले. खाली चहूकडे लालसर पाणी पसरलेलं, कडुलिंबाचा नुसता डेरा वर दिसत होता, आणि हा माणूस कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत होता. बराच वेळ धीर करून म्हणाला, "शमीमबाई, पेवाले पाणी हाय का वो?"

या क्षणासाठी मी दोन वर्षं ती एकशे दहा पावलं चढले होते. मी दारात टेकून म्हटलं, "इथी पाणी नाई लागत, भाऊ."

अब्बा घाबरून माझ्याकडे बघायला लागले. सोमाजीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, आणि आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, मग टोपलीतल्या कोंबड्याही कलकलायला लागल्या इतके ते हसले. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं आणि ते पुसत राहिले, जरा जास्तच वेळ. मी आत गेले. सकाळी भरून आणलेला शेवटचा गुंड होता. तांब्या भरून त्यांच्यापुढे ठेवला. ते घटाघटा प्याले, थांबले, तांब्यात बघितलं.

"गोड हाय," ते म्हणाले. "तुया बापाच्या इहिरीचं हाय नं."

अब्बा एकदम धुनकीची तात तपासायला लागले, जिला काहीही झालेलं नव्हतं. मला काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. पण तोंडातून निघालं ते हे: "मंग लिहून द्या."

सोमाजीभाऊंनी आपल्या ओल्या बंडीच्या खिशात हात घातला, जागेच्या कागदाचा भिजून झालेला लगदा बाहेर काढला, तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "घे. कुठी लिहू सांग."